बक कन्व्हर्टरवर ॲडॅप्टिव्ह फझी कंट्रोल: कागदापासून बोर्डापर्यंत, क्रमाने

बक कन्व्हर्टर (जास्त डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) आणि त्यावर ॲडॅप्टिव्ह फझी कंट्रोल, म्हणजे ‘जर-तर’ नियमांवर चालणारा आणि चालता चालता ते नियम सुधारणारा कंट्रोलर: अशा एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये वर्षानुवर्षं दोन चुका बघतोय. पहिली सगळ्यांना दिसते: सिम्युलेशनमध्ये आलेख सुरेख येतो, तोच कोड बोर्डावर टाकला की मॉसफेट (सर्किटमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतो. दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही. बोर्ड चालतो, व्होल्टेज स्थिर राहतं, अहवालात ‘ॲडॅप्टिव्ह फझी’ असं लिहिलंही जातं. पण कंट्रोलर काहीच शिकलेला नसतो. पंचवीस नियमांच्या आड एक साधा इंटिग्रेटर (चूक नुसती साठवत जाणारा घटक) काम करत असतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच: पायऱ्यांचा क्रम. अज्ञात भाग (गणिती मॉडेलमध्ये न धरलेला परिणाम) फझीने शिकायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अज्ञात नेमका कोणता, तो कशावर अवलंबून आहे आणि फझीला ती गोष्ट दिसते तरी का, हे प्रश्न कोड लिहिण्याआधी सोडवावे लागतात. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. आकडे तुमच्या कन्व्हर्टरचे घाला, क्रम मात्र हाच ठेवा.

हाताशी काय हवं

सिंक्रोनस बक कन्व्हर्टर, म्हणजे खालच्या बाजूला डायोडऐवजी मॉसफेट असलेला. करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय. स्थिर करंट आणि स्थिर पॉवर हे दोन्ही मोड असलेला इलेक्ट्रॉनिक लोड. ऑसिलोस्कोप आणि डिफरेन्शियल प्रोब. कंट्रोलर म्हणून एसटीएम३२जी४७४ किंवा सी२००० मालिकेतला एफ२८००४९सी घेतला तरी पुरतो. पहिला १७० मेगाहर्ट्झचा, दुसरा १०० मेगाहर्ट्झचा. ५० किलोहर्ट्झ स्विचिंगला दर पीरियडमध्ये २० मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे दुसऱ्यावरसुद्धा २००० क्लॉक सायकल. नीट लिहिलेल्या कोडला एवढे भरपूर झाले.

आणखी एक गोष्ट लागते, जी बहुतेक जण टाळतात: ओव्हरकरंट ट्रिप (करंट मर्यादेबाहेर गेला की स्विचिंग तोडणारी सोय) हार्डवेअरमध्ये हवा. कंपॅरेटरचा आउटपुट थेट पीडब्ल्यूएमच्या (स्विच चालू-बंद करणाऱ्या पल्सच्या) ट्रिप पिनवर गेला पाहिजे, मध्ये सॉफ्टवेअर नको. शिकणारा कंट्रोलर चुकीचंही शिकू शकतो, आणि तेव्हा इंटरप्टची वाट बघायला वेळ नसतो.

टप्पा १: कन्व्हर्टर आधी कागदावर मांडा

आपलं उदाहरण असं: इनपुट २४ व्होल्ट (२० ते ३० मध्ये हलणारं), आउटपुट १२ व्होल्ट, इंडक्टर २२० मायक्रोहेन्री, कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, त्याचा ईएसआर (अंतर्गत रोध) ५० मिलिओहम, स्विचिंग ५० किलोहर्ट्झ, लोड १ ते ५ अँपिअर. यातून चार आकडे काढून वहीत लिहून ठेवा:

- इंडक्टरमधला रिपल: शिखर ते शिखर सुमारे ०.५५ अँपिअर.
- आउटपुट रिपल: कपॅसिटन्समुळे जेमतेम ३ मिलीव्होल्ट, ईएसआरमुळे मात्र २७ मिलीव्होल्ट.
- एलसीची नैसर्गिक वारंवारता: ३११० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ४९५ हर्ट्झ.
- इंडक्टर आणि कपॅसिटरचा स्वाभाविक इम्पिडन्स: ०.६८४ ओहम.

पाचवा आकडा सगळ्यांत उपयोगी. लोड १ वरून ५ अँपिअरवर एकदम गेला, तर कोणताही कंट्रोलर आउटपुटची घसरण किती थोपवू शकेल? ड्यूटी (पीरियडमधला वरचा स्विच चालू असण्याचा वाटा) ०.९ वर नेली तरी इंडक्टरचा करंट मिलिसेकंदाला सुमारे ४४ अँपिअर या गतीनेच चढतो. ४ अँपिअर चढायला ९२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात कपॅसिटर सुमारे १८३ मायक्रोकूलॉम चार्ज गमावतो, म्हणजे ०.३९ व्होल्ट. याशिवाय ईएसआरचा क्षणिक झटका ०.२ व्होल्टचा.

सावधान: तुमच्या सिम्युलेशनमध्ये या लोड स्टेपला फक्त ०.१ व्होल्ट घसरण दिसत असेल, तर अल्गोरिदमचं कौतुक करण्याआधी मॉडेल तपासा. ड्यूटीवर मर्यादा लावायची राहिलेली असते, असंच बहुतेक वेळा निघतं.

टप्पा २: सगळं एका मापात आणा

ही पायरी गाळल्यामुळे जेवढा वेळ वाया जातो, तेवढा दुसऱ्या कशामुळेच जात नाही. सेकंद आणि व्होल्टमध्ये लिहिलं तर ड्यूटीसमोरचा गुणक २३ कोटींच्या घरात जातो. कपॅसिटरमध्ये एक अँपिअर गेला की व्होल्टेज सेकंदाला २१२८ व्होल्ट या वेगाने बदलतं. अशा आकड्यांवर मेंबरशिप फंक्शन (इनपुट कोणत्या नियमात किती बसतो ते सांगणारी फंक्शन) बसवायची, गॅमा (शिकण्याचा वेग) निवडायचा, म्हणजे अंधारात दगड मारणं.

त्याऐवजी व्होल्टेजला १२ ने भागा आणि वेळेला ३११० ने गुणा. आता दोन चलं उरतात:

चूक = (आउटपुट व्होल्टेज − १२) ÷ १२

वेग = ०.०५७ × कपॅसिटरचा करंट

०.०५७ हा गुणक म्हणजे ०.६८४ भागिले १२. नव्या मापात ड्यूटीसमोरचा गुणक होतो इनपुट भागिले १२, म्हणजे २४ व्होल्टला बरोबर २. आता सगळे आकडे एकच्या आसपास येतात आणि डोक्यात हिशेब करता येतो.

या मापात एका स्विचिंग पीरियडचं पाऊल आहे २० मायक्रोसेकंद गुणिले ३११०, म्हणजे ०.०६२.

सावधान: सिम्युलेशन या नव्या मापात आणि बोर्डावरच्या कोडमध्ये पाऊल ०.००००२ सेकंद, अशी सरमिसळ झाली की तोच गॅमा ३११० पट मंद होतो. मग ‘बोर्डावर ॲडॅप्टेशन चालतच नाही’ म्हणून गॅमा वाढवला जातो. पुढे कुणीतरी पाऊल दुरुस्त करतं, आणि त्याच दिवशी मॉसफेट जातो. पाऊल हा कोडमध्ये एकच स्थिरांक ठेवा आणि त्याशेजारी त्याचं माप लिहा.

टप्पा ३: सेन्सर

‘वेग’ मिळवायचे दोन मार्ग आहेत. व्होल्टेजचं गणिती डेरिव्हेटिव्ह काढायचं, किंवा इंडक्टरचा करंट आणि लोडचा करंट मोजून वजाबाकी करायची. पहिला मार्ग स्वस्त दिसतो. १२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा घटक) १६.५ व्होल्टच्या पूर्ण पल्ल्यावर घेतला तर एक पायरी ४ मिलीव्होल्टची असते. एका पीरियडमध्ये एक पायरी इकडे-तिकडे झाली, तर ती कपॅसिटरमधल्या जवळपास ०.१ अँपिअरइतकी दिसते. त्यात २७ मिलीव्होल्टचा रिपल मिसळला की डेरिव्हेटिव्हमध्ये निव्वळ गोंगाट उरतो. म्हणून दोन करंट सेन्सर लावा.

सॅम्पलिंग पीडब्ल्यूएमच्या मधोमध करा, म्हणजे रिपलची सरासरी आपोआप हाती येते. वाटेल त्या क्षणी सॅम्पल घेतलं तर ०.५५ अँपिअरचा रिपल ‘वेगा’त ०.०३ होऊन येतो आणि ड्यूटी दर पीरियडला तीन टक्के थरथरते.

दोन सेन्सरमधल्या ऑफसेटकडे मात्र नीट लक्ष द्या. स्थिर अवस्थेत कपॅसिटरचा सरासरी करंट शून्य असतो, पण दोन सेन्सरमध्ये ०.१ अँपिअरचा फरक असेल तर कंट्रोलरला ‘वेग’ ०.००५७ दिसत राहतो. पुढच्या टप्प्यात आपण ‘वेग’ आणि ‘चूक’ मिळून एक राशी बनवणार आहोत. ॲडॅप्टेशन ती राशी शून्यावर आणतं, चुकीला एकटीला नाही. परिणाम: आउटपुट ६८ मिलीव्होल्टने कायमचं सरकलेलं राहतं, आणि गॅमा कितीही फिरवला तरी हलत नाही. कित्येक जण इथे फझी नियम वाढवत बसतात. दोष सेन्सरचा असतो.

तपासणी: गेट बंद ठेवून, लोड काढून, दोन्ही करंट सेन्सरचं हजार सॅम्पलचं सरासरी वाचन घ्या आणि तेवढं वजा करा. हे दर वेळी पॉवर चालू करताना आपोआप व्हायला हवं, कारण तापमानाबरोबर ऑफसेट सरकतो. एसी प्रयोगशाळेत घेतलेला आकडा नागपूरच्या मे महिन्यात चालत नाही.

टप्पा ४: फझीशिवाय लूप बसवा

फझीला हात लावण्याआधी खालचा साधा कंट्रोलर बोर्डावर चालला पाहिजे:

एस = वेग + लॅम्डा × चूक

ड्यूटी = (१२ ÷ मोजलेलं इनपुट) − के × एस

लॅम्डा आणि के हे आपण निवडायचे गुणक; लॅम्डा १ आणि के १ पासून सुरुवात करा. त्यामुळे लूपचा वेग सुमारे १ किलोहर्ट्झ होतो, स्विचिंगच्या पन्नासावा भाग. सॅम्पल घेणं, हिशेब करणं आणि पीडब्ल्यूएम बदलणं यांत मिळून सुमारे दीड पीरियडचा, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. १ किलोहर्ट्झला तो ११ अंश फेज, म्हणजे लूपच्या स्थिरतेची शिल्लक, खातो. के ४ केला तर लूप ४ किलोहर्ट्झवर जातो आणि तोच उशीर ४३ अंश खातो. म्हणून के २ च्या पुढे नेऊ नका.

ड्यूटी ०.०५ ते ०.९ मध्ये बांधून ठेवा. वरची मर्यादा ०.९ असण्याचं कारण वरच्या मॉसफेटचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर: त्याला दर पीरियडमध्ये भरून घ्यायला थोडा ऑफ वेळ लागतोच.

आता मुद्दाम थांबा आणि ५ अँपिअरला आउटपुट वाचा. समजा मार्गातला एकूण रोध ०.१ ओहम आणि डेड टाइम (दोन्ही मॉसफेट बंद असण्याची मधली वेळ) २०० नॅनोसेकंद आहे. रोधामुळे अर्धा व्होल्ट पडतो, डेड टाइममुळे एक टक्का ड्यूटी जाते. लूप यातलं बरंचसं भरून काढतो, तरी आउटपुट सुमारे पाव व्होल्टने कमीच राहील. हाच तो अज्ञात भाग. आता तो समोर आहे, आणि मोजता येतो.

तपासणी: १, २, ३, ४, ५ अँपिअरला ही घट लिहून ठेवा. लोडबरोबर ती हळूहळू वाढली पाहिजे. उड्या मारत असेल, तर मागच्या टप्प्यावर परत जा.

आणि प्रामाणिकपणे एक सांगतो: याच जागी ‘के × एस’च्या जोडीला साधा इंटिग्रल लावून बघा. तुमच्या गरजेला तेवढं पुरत असेल तर इथेच थांबा. लोड फारसा बदलत नसेल तर पीआयसारखा (प्रमाण अधिक इंटिग्रल कंट्रोलरसारखा) भरवशाचा सोबती नाही. फझीचे कष्ट सार्थकी लागतात ते लोड सारखा उड्या मारतो तेव्हा, पॉवर स्थिर ठेवणारे लोड जोडलेले असतात तेव्हा, किंवा घटकांची मूल्यं करंटप्रमाणे बदलतात तेव्हा.

टप्पा ५: फझीला काय दाखवायचं ते ठरवा

लेखाचा गाभा हाच.

जवळपास प्रत्येक पेपरमध्ये फझीचे इनपुट ‘चूक’ आणि ‘चुकीचा बदल’ असतात, म्हणून सगळे तेच घेतात. आता आपला अज्ञात भाग आठवा. रोधातली घट कशावर अवलंबून आहे? करंटवर. स्थिर अवस्थेत १ अँपिअरला चूक शून्य, बदल शून्य. ५ अँपिअरलाही चूक शून्य, बदल शून्य. फझीच्या दृष्टीने दोन्ही जागा एकच! मग मधला एकच नियम १ अँपिअरला एक मूल्य शिकतो, ५ अँपिअरला ते पुसून दुसरं शिकतो आणि परत १ वर आलं की पुन्हा पहिलं. इंटिग्रेटर हेच करतो, आणि बाकीचे चोवीस नियम शोभेला उरतात.

म्हणून इनपुट असे निवडा, ज्यांच्यावर अज्ञात भाग खरोखर अवलंबून आहे. आपल्या उदाहरणात ते दोन:

- इंडक्टरचा करंट, ० ते ६ अँपिअर. केंद्रं ०, १.५, ३, ४.५, ६ वर.
- चूक, −०.१ ते ०.१. केंद्रं ०.०५ च्या अंतराने पाच.

एकूण २५ नियम. करंट फझीत शिरण्याआधी हलका लो-पास फिल्टर लावा. शिकलेली घट सावकाशच बदलणार आहे, तिला रिपल दाखवायची गरज नाही.

मेंबरशिप फंक्शन त्रिकोणी घ्या. शेजारच्या दोन त्रिकोणांची बेरीज नेहमी एक येते, त्यामुळे भागाकार करावा लागत नाही, आणि एका वेळी फक्त चारच नियम जागे असतात. गॉसियनचाच (घंटाकार फंक्शनचाच) आग्रह असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे रुंदी: शेजारचे दोन घंटाकार मध्यावर ०.५ ला छेदायला हवे असतील, तर घातांकात दोनाने भागणाऱ्या सूत्रात रुंदी केंद्रांमधल्या अंतराच्या ०.४२५ पट लागते, दोन नसलेल्या सूत्रात ०.६ पट. दोन्ही सूत्रं प्रचलित आहेत. एकाची रुंदी दुसऱ्यात टाकली तर नियम एकमेकांत मिसळतात किंवा त्यांच्यात फटी पडतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर.

सावधान: सुरुवातीला आउटपुट शून्य असतं, म्हणजे चूक −१. आपलं शेवटचं केंद्र −०.१ वर आणि रुंदी ०.०२१. तिथे गॉसियनचं मूल्य इतकं लहान येतं की ३२ बिट फ्लोटमध्ये ते नुसतं शून्य. सगळ्या नियमांचा जोर (नियमाच्या दोन्ही मेंबरशिपचा गुणाकार) शून्य, बेरीज शून्य, आणि शून्य भागिले शून्य. ही अपरिभाषित संख्या एकदा थीटात (प्रत्येक नियमाने शिकलेल्या मूल्यात) शिरली की बाहेर पडत नाही. म्हणून फझीत जाण्याआधी प्रत्येक इनपुट त्याच्या पल्ल्यात बांधा. त्रिकोणी फंक्शनलाही हे लागू आहे.

टप्पा ६: शिकण्याचा नियम आणि त्याचं चिन्ह

ड्यूटी = (१२ ÷ मोजलेलं इनपुट) − फझीचा आउटपुट − के × एस

फझीचा आउटपुट म्हणजे प्रत्येक नियमाचा जोर गुणिले त्याचा थीटा, या सगळ्यांची बेरीज. थीटाचं माप इथे थेट ड्यूटीचं आहे. थीटा −०.०३ म्हणजे तीन टक्के जादा ड्यूटी. ही सोय मुद्दाम केली आहे: ड्यूटीसमोरचा गुणक वेगळा शिकून त्याने भागायची वेळच येत नाही. काही पद्धतींत तो गुणकही फझीने शिकतात. शिकता शिकता तो शून्याजवळ गेला की ड्यूटी अनंताकडे पळते. इनपुट व्होल्टेज मोजता येत असताना हा धोका कशाला घ्यायचा?

थीटा बदलायचा नियम:

नवा थीटा = जुना थीटा + गॅमा × पाऊल × नियमाचा जोर × एस

चूक आपण ‘आउटपुट वजा संदर्भ’ अशी घेतली आहे, म्हणून इथे अधिक चिन्ह येतं. ‘संदर्भ वजा आउटपुट’ घेणाऱ्या पुस्तकातलं सूत्र आणि आपलं चिन्ह एकत्र केलं तर लायापुनोव्हचा (लूप स्थिर राहतो हे दाखवणारा) पुरावा उलटा फिरतो आणि कंट्रोलर नेमकं चुकीचं शिकतो.

तपासणी: पेन्सिलने एक फेरी मारा. आउटपुट कमी, म्हणजे एस ऋण. थीटा खाली जातो. ड्यूटीत थीटा वजा होतो, म्हणजे ड्यूटी वाढते. बरोबर. ही फेरी कोडमध्येही, गेट ड्रायव्हर बंद ठेवून, सेन्सरच्या जागी खोटे आकडे देऊन मारा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मी पाहिलेले सर्वाधिक मॉसफेट हे न केल्यामुळे गेले आहेत.

आणखी तीन कुंपणं याच टप्प्यात घाला, नंतर नको:

१. थीटाला मर्यादा. −०.१५ ते ०.१५. टप्पा ४ मधल्या मोजमापावरून लागणारं मूल्य ०.०३ च्या आसपास आहे, म्हणजे एवढी जागा भरपूर.

२. ड्यूटी मर्यादेला टेकलेली असताना तिला आणखी त्याच दिशेला ढकलणारं शिकणं थांबवा. उलट दिशेचं चालू द्या.

३. मृतपट्टा. एस ०.००२ पेक्षा लहान असेल तर शिकू नका. त्याची किंमत जास्तीत जास्त २४ मिलीव्होल्ट. हा पट्टा नसेल तर थीटा रात्रभर गोंगाटच शिकत राहतो आणि हळूहळू वाहत जातो.

टप्पा ७: गॅमा आणि सिग्मा

‘गॅमा प्रयोगाने ठरवला’ असं अहवालात लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं, कारण त्याचा अंदाज कागदावर निघतो. एकच नियम पूर्ण जागा आहे असं धरा. मग एस आणि थीटा मिळून दुसऱ्या क्रमाची प्रणाली होते आणि ड्यूटीचा गुणक २ असताना क्रिटिकल डॅम्पिंगची (न झुलता सगळ्यांत लवकर स्थिरावण्याची) अट येते: गॅमा = के वर्ग भागिले २. के १ असेल तर ०.५. त्याच्या पुढे गेलात की शिकणं आणि लूप यांच्यातच झुलणं सुरू होतं. ०.१ पासून सुरू करा.

नियमाचा जोर जागेनुसार बदलतो हेही लक्षात असू द्या. केंद्रावर एक नियम पूर्ण जागा असतो. दोन्ही अक्षांवर केंद्रांच्या बरोबर मध्ये असलात की चार नियमांत जोर वाटला जातो आणि शिकण्याचा परिणामी वेग चौथ्या भागावर येतो. म्हणून गॅमाची चाचणी केंद्रावर घ्या, सगळ्यांत वेगवान जागा तीच.

आता सिग्मा, म्हणजे थीटाला सतत शून्याकडे ओढणारी गळती. पुस्तकांत ती स्थिरतेसाठी येते आणि लोक डोळे झाकून घालतात. दोन हिशेब करून बघा. नियम असा धरा: बदल = गॅमा × (जोर × एस − सिग्मा × थीटा). सिग्मा ०.०१ असेल तर ५ अँपिअरला आउटपुट ६-७ मिलीव्होल्टने कमी राहतं. ते चालेल. ०.१ असेल तर सुमारे ६० मिलीव्होल्ट. दुसरा हिशेब जास्त बोचरा आहे. गॅमा ०.१ आणि सिग्मा ०.०१ असताना झोपलेल्या नियमाचा थीटा विसरण्याचा कालांक नव्या मापात १००० येतो, म्हणजे खऱ्या वेळेत ०.३२ सेकंद. लोड ५ वरून १ अँपिअरवर येऊन एक सेकंद थांबला, की ५ अँपिअरजवळच्या नियमांनी शिकलेलं जवळपास सगळं पुसून जातं. इतक्या कष्टाने करंट इनपुटला घेतला, तो वाया!

म्हणून गळती ठेवायचीच असेल तर तिलाही नियमाच्या जोराने गुणा. झोपलेला नियम मग विसरत नाही. माझी पसंती मात्र मर्यादा आणि मृतपट्टा यांनाच आहे, गळती शून्य ठेवून.

टप्पा ८: सिम्युलेशन, या क्रमाने

आधी सरासरी मॉडेल. मग त्यात ड्यूटीची मर्यादा आणि दीड पीरियडचा उशीर. मग एडीसीच्या पायऱ्या आणि सेन्सरचा ऑफसेट. शेवटी स्विचिंग मॉडेल. प्रत्येक पायरीवर लोड स्टेपचा आलेख जपून ठेवा. सगळं एकदम घातलं आणि बिघडलं, तर कशामुळे ते कळणार नाही.

स्थिर पॉवरचा लोड इथेच तपासा. २४ वॅटचा असा लोड १२ व्होल्टला उणे ६ ओहमसारखा वागतो आणि लूपचं डॅम्पिंग खातो. आपल्या मापात ते नुकसान सुमारे ०.११ आहे आणि के १ चा लूप २ देतो, म्हणून भीती नाही. के कमी ठेवून सगळा भार फझीवर टाकणाऱ्यांचं मात्र इथेच कोलमडतं.

शिकण्याची खरी परीक्षा: लोड १, ५, १, ५ अँपिअर असा फिरवा, दर वेळी अर्धा सेकंद थांबून. दुसऱ्यांदा ५ वर जाताना व्होल्टेज सावरायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला पाहिजे, आणि ५ अँपिअरजवळचे थीटा उडीच्या आधीपासूनच −०.०३ च्या आसपास दिसले पाहिजेत. पहिली घसरण मात्र तेवढीच राहील, ती टप्पा १ मधल्या भौतिक मर्यादेने ठरते. दोन्ही वेळचे आलेख तंतोतंत सारखे आले, तर कंट्रोलर शिकत नाहीये. टप्पा ५ वर परत जा.

टप्पा ९: बोर्ड

१. गेट ड्रायव्हर बंद. पीडब्ल्यूएम, डेड टाइम आणि ट्रिप ऑसिलोस्कोपवर बघा. ट्रिप मुद्दाम ओढून बघा.

२. सप्लायची करंट लिमिट १ अँपिअर, लोड १ अँपिअर, फझी आणि शिकणं दोन्ही बंद. संदर्भ २० मिलिसेकंदांत सावकाश १२ व्होल्टवर न्या. कपॅसिटर भरायला तेव्हा ०.३ अँपिअरहून कमी करंट पुरतो.

सावधान: वरच्या मॉसफेटचा गेट साध्या प्रोबने बघू नका. प्रोबची ग्राउंड क्लिप स्विच नोडला (दोन मॉसफेटमधल्या सांध्याला) लागली की तो नोड अर्थिंगमधून शॉर्ट होतो. डिफरेन्शियल प्रोब त्यासाठीच मागितला होता.

३. फझी चालू, शिकणं बंद, सगळे थीटा शून्य. आलेख आधीच्यासारखाच हवा. वेगळा आला तर कोडमध्ये चूक आहे.

४. शिकणं चालू, गॅमा अपेक्षेच्या दहाव्या भागाने. थीटा एका फायलीत नोंदवत राहा. नुसतं व्होल्टेज बघून काही कळत नाही. थीटा कुठे जातोय तेच बघायचं.

५. करंट लिमिट आणि गॅमा हळूहळू वाढवा. संदर्भ चढत असताना शिकणं नेहमी बंद ठेवा, चूक पल्ल्यात आल्यावरच चालू करा.

६. अर्धा तास ५ अँपिअरवर चालवा. इंडक्टरची तार तापते, रोध वाढतो आणि थीटा सावकाश खाली सरकताना दिसतो. टप्पा ४ मधल्या नोंदींशी ताडून बघा. जुळलं तर तुमचा फझी खरोखर त्या तारेचा रोध शिकतोय.

बूस्ट कन्व्हर्टर घेणाऱ्यांसाठी

वरची पद्धत बूस्टच्या आउटपुट व्होल्टेजवर जशीच्या तशी लावू नका. बूस्टमध्ये ड्यूटी वाढवली की आउटपुट आधी खाली जातं आणि मगच वर येतं. १२ व्होल्टवरून २४ व्होल्ट, १२ ओहम लोड आणि तोच २२० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर घेतला तर हा उलटा झिरो (या उलट्या प्रतिसादाची वारंवारता) सुमारे २.२ किलोहर्ट्झला येतो. थेट व्होल्टेजवर शिकणारा कंट्रोलर ते पहिलं खाली जाणं पाहून उलटा धडा घेतो. बूस्टला आतला लूप इंडक्टरच्या करंटवर ठेवा, फझी त्या लूपमध्ये, आणि बाहेरचा व्होल्टेज लूप ४०० हर्ट्झच्या आत मंद. ड्यूटीसमोरचा गुणक तिथे आउटपुट व्होल्टेजबरोबर बदलतो, म्हणून टप्पा २ चं माप नव्याने काढावं लागेल. टप्पा ३ मधली ऑफसेटची तपासणी आणि टप्पा ६ मधली चिन्हाची फेरी व कुंपणं मात्र तशीच.